नातेवाईकांनी बाहेर थांबावे

त्या दुपारी चिंगीची गाडी फाटकातून आत आली, झाडाखाली थांबली, इंजिन बंद झालं, आणि नेहमीप्रमाणे तिच्यातून कोणी उतरलं नाही.

जेवणाच्या खोलीतल्या खिडकीशी तेव्हा सगळं घर जमलेलं होतं. पडदा बोटभर सरकवलेला. आबा खुर्ची ओढून सगळ्यांत पुढे, कारण घरातल्या ज्येष्ठ सर्जनने पुढे बसायचं असा नियम होता आणि तो त्यांनीच केला होता. आबा निवृत्त होऊन जमाना झाला, नियम मात्र अजून नोकरीत होता. त्यांच्या खांद्यावरून आई बघत होती, आईच्या खांद्यावरून काका, आणि काकांच्या पाठीमागे, काहीही दिसत नसताना टाचा उंचावून उभी होती ती काकू.

"ओठ हलताहेत," आबांनी जाहीर केलं.

"कालही हलत होते," काका म्हणाले.

"फोन कानाला आहे का?"

"नाही. समोर ठेवलाय. दोन्ही हात मांडीवर."

आपल्यालाही जरा बघू द्या, असं काकू म्हणाली. कोणी हललं नाही.

चिंगी ही आबांची नात. वय चौतीस, भूल देणारी डॉक्टर. हॉस्पिटलात तिच्या नुसत्या खाकरण्याने माणसं सावरून बसत. घरात मात्र ती पाळण्यात होती तेव्हापासून चिंगी होती आणि तशीच राहणार होती. साथ आल्यापासून ती अतिदक्षता विभागात होती, श्वासाच्या यंत्रावर ठेवलेल्या माणसांच्या उशाशी. ड्युटी संपवून आली की मागच्या जिन्याने वरच्या वेगळ्या खोलीत जायची, पण त्याआधी हा मुक्काम. काचा बंद, मास्क उतरवलेला, नजर समोरच्या भिंतीवर, आणि ओठ चाललेले.

आजवर सगळ्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. पण सकाळी चिंगीच्या विभागप्रमुख बाईंचा घरच्या फोनवर फोन आला आणि तो आईने घेतला. चिंगी नोकरी सोडायचं म्हणतेय. सहा वाजेपर्यंत काय ते नक्की सांगते म्हणाली आहे. पुढच्या ड्युट्या लावायच्या तर मला कळायला हवं. तुम्हाला घरात माहीत असेलच. आईला काहीही माहीत नव्हतं. "हो, विचार चाललाय," असं ती इतक्या सहज म्हणाली की फोन ठेवल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

"राउंड घेऊ या," आबा म्हणाले.

आता या घरचा राउंड म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाकीच्या घरांत जेवणाच्या टेबलाभोवती भांडणं होतात, या घरात केस मांडली जायची. कोणाला ताप येवो, कोणाचं कोणाशी बिनसो, छत गळो, आधी वय, मग तक्रार, मग कधीपासून, मग पूर्वी असं काही झालं होतं का. मत सर्वांत लहानाने आधी द्यायचं, म्हणजे मोठ्यांच्या धाकाने त्याची जीभ अडखळायला नको. शेवटचा शब्द आबांचा. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की ज्याची केस, तो खोलीत नको. निदानावर एकमत होईपर्यंत पेशंटला अक्षर कळू द्यायचं नाही. काकांचं लग्न याच पद्धतीने ठरलं होतं. काकांना ते जवळजवळ शेवटी कळलं.

आणि ज्या मुलीशी ठरलं ती डॉक्टर नव्हती. काकू शाळेत गणित शिकवायची. डॉक्टरांच्या घरात जी व्यक्ती डॉक्टर नाही आणि पेशंटही नाही, ती कोण? आबांनी उत्तर काढून ठेवलं होतं. केस सुरू झाली की ते अगदी सभ्यपणे म्हणत, "नातेवाईकांनी जरा बाहेर थांबावं," आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची, जिथून सगळं ऐकू यायचं. आजही गेली.

केस आईने मांडली. स्त्री, वय चौतीस, अविवाहित, साथीच्या सुरुवातीपासून अतिदक्षता विभाग. भूक कमी. हसणं आहे, पण ते दुसऱ्यांच्या विनोदांना. हॉस्पिटलने डॉक्टरांच्या मनःस्वास्थ्यासाठी समिती नेमली आहे, तिच्यावर पेशंटला घेतलं आहे.

"का?" आबांनी विचारलं.

"सगळ्या विभागात तीच एक अजून रडलेली नाही म्हणून."

आबांनी मान डोलावली. या घराची मुलगी, असा त्या डोलावण्याचा अर्थ होता. समितीने पहिल्याच आठवड्यात 'कामात आनंद कसा शोधावा' यावर एक व्याख्यान पडद्यावर लावलं. ते नेमकं ड्युटी बदलण्याच्या वेळेला होतं, त्यामुळे जे आले ते झोपले आणि जे काम करत राहिले त्यांना गैरहजेरीबद्दल विचारणा झाली. हे सांगताना आईचा आवाज तिच्या स्त्रीरोगाच्या ओपीडीतला होता, कोरडा आणि भराभर. फक्त "ओठ हलतात" इथं आल्यावर तो एकदम आईचा झाला, आणि तिने घाईघाईने पाण्याचा ग्लास उचलला.

वयाने लहान म्हणून पहिलं मत काकांचं. काका त्वचारोगाचे डॉक्टर. त्यांच्या मते एक तर व्हिटॅमिन कमी असावं, नाहीतर कोणीतरी मुलगा असावा. दुसरी शक्यता सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. इतक्या महिन्यांत घरात बोलावं असं दुसरं काही घडलंच नव्हतं.

आईने सरळ सांगितलं. पोर पिंजून निघाली आहे. नोकरी सोडू दे. शरीर आहे ते, शिसवीचं टेबल नाही.

"या घरात आजवर कोणी ड्युटी सोडलेली नाही," आबा म्हणाले आणि त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. आईचीही गेली. फोटोत आबांचा थोरला मुलगा, चिंगीचे वडील, ज्यांनी छातीत दुखत असताना वॉर्डातला शेवटचा बिछाना तपासूनच खुर्ची मागितली होती. अंगणातली ती गाडी त्यांचीच. फोटोकडे बघून आबांना जे वाटे त्याच्या नेमकं उलट आईला वाटे, आणि इतकी वर्षं दोघं एकाच भिंतीखाली जेवत आले होते.

थोडक्यात, आई सोडण्याच्या बाजूने, आबा टिकण्याच्या. काका आईकडे झुकले, कारण त्या दिवशीचा स्वयंपाक आईकडे होता.

"पण हे सगळे अंदाज," आबा म्हणाले. "पेशंटची नीट हकीकत कोणी घेतली आहे? कोणीतरी गाडीत जा. लहानापासून सुरुवात."

काका दोन मास्क लावून निघाले. घरातल्या या एकुलत्या एका त्वचातज्ज्ञाने साथीच्या सुरुवातीला सगळ्यांना हात कसे धुवायचे ते शिकवलं होतं, आणि धुऊन धुऊन सगळ्यांत जास्त भेगा त्यांच्याच हातांना पडल्या होत्या. चिंगीने आरशातून त्यांना येताना पाहिलं, मास्क चढवला, काचा खाली केल्या. पडदा रोज सरकतो हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

काका मागच्या सीटवर, तिरके, जास्तीत जास्त लांब बसले. सहज आलो म्हणाले. हवा बरी आहे म्हणाले. मग एकदम हकीकतीला हात घातला.

"झोप कशी आहे?"

"ठीक," चिंगी म्हणाली. "तुमची?"

काकांना उभ्या आयुष्यात लोकांनी एकच विचारलं होतं, हे चट्टे कशाचे. या प्रश्नाची त्यांची काही तयारी नव्हती. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जे बाहेर पडायला लागलं ते थांबेना. त्यांचा दवाखाना बंद पडला होता. हॉस्पिटलने मोठ्या दारावर उभं केलं होतं, हातात तापमापक घेऊन. लोक येतात, कपाळ पुढे करतात, यंत्र टुंग करतं, लोक जातात. साथीत लढणारे डॉक्टर म्हणून शेजारी टाळ्या वाजवतात, तेव्हा गच्चीवर जायची लाज वाटते. परवा एका माणसाने कपाळाऐवजी कोपर पुढे केलं, जरा हे बघता का म्हणाला. साधं गजकर्ण. "मी इतका वेळ बघत बसलो गं," काका म्हणाले, "की रांग रस्त्यावर गेली. पहारेकरी ओरडला माझ्यावर." आणि त्यांचा चष्मा आतून धुकटला.

चिंगीने जेवणाचं विचारलं, झोपेचं पुन्हा नीट विचारलं, आपण कशाला आहोत असं वाटतं का तेही विचारलं. मग म्हणाली, "काका, आमच्या नर्सेसचे हात तुमच्यापेक्षा फाटलेत. मास्कने सगळ्यांच्या नाकावर जखमा आहेत. त्यांना बघायला कोणी नाही. दारावर आणखी एक खुर्ची मागा."

काका गाडीतून उतरले तेव्हा चालताना त्यांचे हात हलत होते. पुष्कळ दिवस ते नुसते लोंबत असत.

"घेतली हकीकत?" आबांनी विचारलं.

"घेतली."

"काय निघालं?"

"झोप लागत नाही. आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं. भूकही मंद."

आईने तोंडावर हात ठेवला. "म्हणाली ती असं?"

"ती नाही, मी," काका म्हणाले. "ती म्हणाली, होतं असं." आणि वर आपलं मत बदलल्याचंही त्यांनी सांगून टाकलं. अशी मुलगी हॉस्पिटलने सोडता कामा नये. तिने टिकावं. आबांनी समाधानाने काठी आपटली आणि आईने दिराकडे असं पाहिलं की काका रात्रीच्या जेवणाचा विचार करू लागले.

"भाऊजी, तुम्हाला हकीकत घ्यायला पाठवलं तर तुम्ही स्वतःचीच देऊन आलात," ती म्हणाली आणि मास्क लावून स्वतः निघाली.

तिने वाटेत वाक्य जुळवलं होतं. चिंगे, आजच फोन कर आणि सोड म्हणून सांग, बाकी मी बघते. गाडीपाशी पोचेपर्यंत ते दोनदा म्हणून झालं. पण पुढचं दार उघडलं आणि ती अडली. नवरा गेल्यापासून त्याच्या गाडीत ती पुढे कधी बसली नव्हती. चिंगीने हात मागे नेऊन मागचं दार उघडून दिलं.

खिडकीतून दिसत होतं ते इतकंच, की आई बोलते आहे, आणि बराच वेळ बोलते आहे. काकांनी याचा अर्थ उपदेश असा लावला.

गाडीत आई सुरुवातीला ते जुळवलेलं वाक्य म्हणाली होती. चिंगीने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू सोडशील?"

"मी? मी का सोडू?"

"साठी जवळ आली. शुगर आहे. रोज प्रसूतिगृहात जातेस."

आई खिडकीबाहेर बघायला लागली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सांगायला लाज वाटते. पण मला मजा येते गं." आणि सगळं सांगून टाकलं. दाराशी आता नातेवाईकांची झुंबड नसते. मुलगा की मुलगी असं ओरडून विचारणारी सासू नसते. कॉरिडॉर इतका शांत की बाळाचा पहिला टाहो खालच्या मजल्यावर ऐकू जातो आणि खालचे लोक हातातलं काम थांबवतात. सगळं जग मरणाचे आकडे मोजतं आहे आणि आपल्या हातात रोज काहीतरी लाथा मारत, चिडून, जिवंत येतंय. संध्याकाळी परत येताना ती देवाला हात जोडायची आणि मग गाडीत बसलेली पोर दिसली की ते जोडलेले हात तिला चोरीचे वाटायचे. "तू अशी, आणि मी तिकडे खूश. आई आहे का मी?"

"आई, एका तरी माणसाला या घरात कामात मजा येतेय," चिंगी म्हणाली. "ती लपवू नको. मला वास तरी येऊ दे तिचा."

आई परत आली ती नाक पुसत. सोड म्हणून सांगितलं का, असं आबांनी विचारलं. आईने सांगितलं की नाही, आपल्याला तिला सोड म्हणायचा काय अधिकार, आपण तरी कुठे सोडतोय. टिकू दे. फक्त जरा विश्रांती.

"म्हणजे एकमत झालं," काका म्हणाले.

आबा जिंकले होते. सून, मुलगा, सगळे त्यांच्या बाजूला. अशा वेळी ते खुर्चीत मागे रेलायचे आणि काठी मांडीवर आडवी घ्यायचे. आज ते पुढे झुकून नुसते बसून राहिले. आई हट्टाने चिंगीला ओढून घरात आणील, हे धरूनच ते इतक्या ठामपणे उलट बोलत होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे म्हणून आपण ओढावं, तसं. आता दुसऱ्या टोकाला कोणीच उरलं नव्हतं.

"मी जातो," ते म्हणाले.

"आता कशाला? एकमत झालं ना."

"म्हणूनच," आबा म्हणाले आणि काठी शोधू लागले.

त्यांना येताना पाहून चिंगी घाबरली. आबा, तुम्ही नको, तुमचं वय, असं ती काचेतून म्हणत राहिली. आबांनी दोन मास्क दाखवले, चारी काचा उघडायला लावल्या आणि मागे बसले. बसल्यावर सगळ्या सर्जनांप्रमाणे त्यांनी थेट कापायला सुरुवात केली.

"सोड नोकरी," ते म्हणाले.

चिंगी वळून बघतच राहिली. आबांनी मग आपली हकीकत दिली, अगदी पद्धतशीर, वयापासून. साथ आली तेव्हा त्यांनी हॉस्पिटलला कळवलं होतं की मला बोलवा. हॉस्पिटलने फार आदराने घरी बसायला सांगितलं. मग त्यांच्याकडे कामाचं एकच उरलं, तिच्या गाडीची वाट बघणं. ती गेली की झोप नाही, ती येईपर्यंत झोप नाही, आणि ती येऊन गाडीत बसली की तेव्हाही नाही. "तू सोडलीस तर मला झोप लागेल," आबा म्हणाले. "म्हणून सोडू नको म्हणत होतो. म्हाताऱ्याच्या झोपेसाठी कोणी ड्युटी सोडायची? हा काय नियम झाला? पण आज सगळेच टिक म्हणायला लागले, तेव्हा वाटलं, एक जण तरी तुझ्या बाजूला..."

वाक्य तिथेच राहिलं. चिंगीने आरसा फिरवला. आबांची मान सीटच्या कडेला टेकली होती आणि मास्क एका लयीत फुगत होता, बसत होता.

खिडकीत हाहाकार झाला.

"आबा हलत नाहीत," आई म्हणाली.

काकांनी मेंदूचा झटका ही शक्यता मांडली. आईने साखर कमी झाल्याची मांडली. काकांनी वयाचा आणि उन्हाचा उल्लेख केला. एकमत होईना, आणि एकमत झाल्याशिवाय कोणी बाहेर पडेना. स्वयंपाकघराच्या दारातून पुढे येऊन काकूने दोघांच्या मधून मान घातली, पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली की झोपलेत ते, मास्क हलतोय. मग मास्क लावून, कोणाला न विचारता, ती सरळ अंगणात उतरली.

काकू काही मोठं ठरवून गेली नव्हती. इतके दिवस सगळ्यांच्या मागे उभी राहून तिने ओठ हलताहेत, ओठ हलताहेत एवढंच ऐकलं होतं, आणि ते ओठ काय म्हणतात याच्या उत्सुकतेने तिचा जीव कासावीस झाला होता. ती पुढच्या सीटवर बसली. आधी तिनेही आपलं रडगाणं सुरू केलंच. पडद्यावरच्या वर्गात पोरं कॅमेरा बंद करतात आणि मी अर्धा तास स्वतःलाच भागाकार शिकवते, वगैरे. मग मागच्या घोरण्याकडे बघून थांबली.

"जाऊ दे माझं. तू रोज बोलतेस ते कुणाशी?"

चिंगीने स्टिअरिंगवरचे हात काढले. हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. काकांनी झोपेचं विचारलं होतं, बाकीच्यांनी आपलंच सांगितलं होतं.

"मला वाटलं देवाचं नाव घेतेस," काकू म्हणाली.

"नाही गं." तिने आरशात झोपलेल्या आबांकडे पाहिलं. "भूल देताना आम्ही पेशंटला सांगतो, झोपा, मी इथंच आहे, मी उठवते. आणि ऑपरेशन झालं की कपाळावर हात ठेवून म्हणायचं, डोळे उघडा, झालं सगळं, नाव सांगा. काकू, लोक पाय धरतात ते सर्जनचे. भूल कोणी दिली हे घरी जाईपर्यंत कोणाला माहीत नसतं. पण डोळे उघडतात तेव्हा पहिला चेहरा माझा असतो. माझ्या नोकरीत मला एवढंच मिळायचं. आणि ते पुरायचं."

काकू तिच्याकडे वळून बसली.

"आता श्वासाची नळी घालायच्या आधी तेच तोंडातून जातं. सवयीने. मी उठवते. आणि ती माणसं विश्वास ठेवून झोपतात. पुष्कळ उठतात, नाही असं नाही, पण तेव्हा ड्युटी दुसऱ्याची असते. जी नाही उठत त्यांना शब्द दिलेला असतो तो माझा. म्हणून इथं बसून म्हणते. एकेकाला. डोळे उघडा, झालं सगळं. निदान म्हणायचं तरी राहायला नको."

झाडावरून एक पान काचेवर पडलं. काकूने डोळे मिटले. ती रोज सकाळी मनात देवाला हाका मारायची, पण आपली हाक कशासाठी असते हे तिला या क्षणी फार थिटं वाटलं. ही पोर काचा लावून जे म्हणत होती, ते नाव घेणं नाही तर काय होतं?

"हे कोणाला सांगितलंस?"

"हॉस्पिटलने डॉक्टरांना मन मोकळं करायला एक फोन ठेवलाय. केला होता मी. त्या बाईंनाच बोलता बोलता रडू फुटलं. मग मी धीर दिला. म्हणाल्या, पुन्हा करा फोन, फार बरं वाटलं."

काकूला हसू आवरेना, आणि तिला हसताना बघून चिंगीलाही. मागे आबा घोरायचे थांबले, कूस बदलली, पुन्हा घोरू लागले.

"पण मला एक सांग," काकू डोळे पुसत म्हणाली. "उठणारे पेशंट संपले का जगातले? सगळ्यांची अपेंडिक्सं सुट्टीवर गेली?"

ऑपरेशनं चालू होती, चिंगीने सांगितलं, तातडीची तरी. ती सगळी नव्या मुलांना दिली होती, कारण नळी घालायला जुने हात लागतात. मग ती बोलता बोलता थांबली. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, पण ओठ हलत नव्हते.

इतक्यात आई आणि काका लगबगीने अंगणात आले. आईच्या हातात साखर मोजायचं यंत्र, काकांच्या हातात रक्तदाबाचं. काय झालं, काय म्हणाली, आबा कसे आहेत, सगळं एकदमच. काकूने घराच्या बाजूच्या काचा वर केल्या, फाटकाकडच्या तेवढ्या उघड्या ठेवल्या, आणि त्या वर चढणाऱ्या काचेच्या फटीतून अगदी सभ्यपणे म्हणाली, "डॉक्टरांनी जरा बाहेर थांबावं."

तेवढ्यात फोन वाजला. विभागप्रमुख बाई होत्या. चिंगीने तो स्पीकरवर घेतला आणि सरळ बोलली. येते. सोडत नाही. पण आठवड्यातला एक दिवस मला ऑपरेशन थिएटर द्या. अपेंडिक्स, हर्निया, काहीही. उठणारी माणसं पाहिजेत मला, नाहीतर बाकीचे दिवस निभणार नाहीत.

पलीकडे ड्युट्यांचे कागद सळसळले. मग बाई म्हणाल्या, "सोमवारचं थिएटर घे. गुरुवारचं मात्र मला ठेव." आणि त्यांचा आवाज बदलला. अगं, तुला म्हणून सांगते, माझंही काय झालंय माहितेय का, असं त्या सुरू करू लागल्या. चिंगीने सवयीने सीट मागे केली, ऐकायला. काकूने शाळेतल्यासारखं बोट वर केलं आणि नकारार्थी हलवलं.

"मॅडम, उद्या ऐकते, अगदी पहिल्यापासून," चिंगी म्हणाली. "आत्ता एकाला उठवायचंय."

ती सीटवर वळली. आबांचा मास्क फुगत होता, बसत होता. कितीतरी दिवसांची राहिलेली झोप ते एकदमच घेत होते. तिने हातमोजा चढवलेला हात त्यांच्या कपाळावर ठेवला, आणि तेच म्हणाली जे ती रोज इथं बसून म्हणायची, फक्त या खेपेला आवाज काढून.

"आबा. डोळे उघडा. झालं सगळं."

काही झालं नाही.

"आबा, डोळे उघडा. नाव सांगा तुमचं."

आबांनी डोळे उघडले. आधी नुसते, रिकामे. मग त्यांत नात हळूहळू येत गेली. त्यांनी नाव सांगितलं, पदव्यांसकट, मिळाल्या त्या क्रमाने. सुवर्णपदकही सोडलं नाही. चिंगी ऐकत होती आणि तिच्या मास्कच्या वरच्या कडेला पाणी येऊन थांबलं होतं. सगळ्या विभागात न रडलेली ती एकटीच होती, तीही आता उरली नाही.

"दुखतंय का कुठे?" तिने विचारलं.

"मान," आबा म्हणाले. मग त्यांनी समोर पाहिलं. गाडीच्या पुढच्या काचेला, हातांचा आडोसा करून, नाकं चपटी होईपर्यंत चिकटलेले दोन चेहरे होते. "आणि ही दोघं कोण? काय बघताहेत?"

"नातेवाईक आहेत," चिंगी म्हणाली. "बाहेर थांबलेत."